जाहिरात कोणी टाकली, ते आधी विचारा

वाचकांचे प्रश्न : भाड्याचं घर आणि रूममेट

नोकरी किंवा शिक्षणासाठी मुंबई-पुण्यात घर शोधताना कोणत्या संकेतस्थळावर, कोणत्या ग्रुपवर विसंबायचं, असं विचारणारी पत्रं या वेळी बरीच आली. त्यातली निवडक इथे घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मुलीला अंधेरी एमआयडीसीत नोकरी लागली आहे. पुढच्या एक तारखेला रुजू व्हायचंय. नोब्रोकर, मॅजिकब्रिक्स, ९९एकर्स, हाउसिंग, ओएलएक्स, फेसबुकचे ग्रुप... जो तो वेगळं नाव सांगतो. लातुरात बसून आम्ही नेमकं कुठे बघायचं? (एक आई, लातूर)

ताई, या सगळ्या ठिकाणांमधला खरा फरक एकाच गोष्टीत आहे : तिथली जाहिरात कोण टाकतं आणि घर गेल्यावर पैसे कोणाला मिळतात. तेवढं कळलं की कुठे काय शोधायचं ते आपोआप ठरतं.

मॅजिकब्रिक्स, ९९एकर्स आणि हाउसिंग ही जुनी मोठी पोर्टलं. तिथे मालक, एजंट आणि बिल्डर असे तिघेही जाहिराती टाकतात. भाड्याच्या घरांत एजंटांचा भरणा जास्त, त्यामुळे एकच फ्लॅट चार एजंटांच्या नावावर चार वेगवेगळ्या भाड्यांनी दिसतो. ‘ओनर’ची चाळणी लावली की यादी एकदम आक्रसते. तरीही एखाद्या भागातला दर समजून घ्यायला ही पोर्टलं सगळ्यांत उपयोगी, कारण तिथे आकडे भरपूर मिळतात. नोब्रोकरचा पायाच मालक आणि भाडेकरू यांची थेट गाठ घालण्याचा आहे. ब्रोकरेज वाचतं, पण मोजकेच संपर्क फुकट मिळतात, पुढे पैसे भरून प्लॅन घ्यावा लागतो. तिथे फॅमिली, बॅचलर मुलगा, बॅचलर मुलगी अशी मालकाची पसंती आधीच दिसते आणि फ्लॅटमेटसाठी वेगळा विभाग आहे. तुमच्या मुलीचा बराच वेळ यानं वाचेल. ओएलएक्सवर कोणीही फुकट जाहिरात टाकू शकतं. चाळी, बैठी घरं, लांबची उपनगरं यांच्या जाहिराती तिथे सापडतात, आणि भुरट्यांचा वावरही तिथेच जास्त. फेसबुकवरचे ‘फ्लॅट अँड फ्लॅटमेट्स’ नावाचे शहरवार ग्रुप आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे ऑफिसचे किंवा कॉलेजचे ग्रुप यांचं काम वेगळं. तिथे बहुधा आधीपासून राहणारी मुलगीच ‘आमच्यातली एक चालली, तिच्या जागी कोणी हवी’ असं लिहिते. एकट्या मुलीला पूर्ण फ्लॅट परवडत नसेल तर हीच जागा कामाची.

आता क्रम सांगतो. पहिले दोन दिवस कोणालाही फोन करू नका. गुगल मॅपवर ऑफिसचा पत्ता टाकून सोमवारी सकाळी ९ वाजताची वेळ निवडा आणि तीन-चार भागांतून किती वेळ लागतो ते बघा. एमआयडीसी अंधेरीला मेट्रो ३ चं स्टेशन आहे. त्याच्या शेजारचं मरोळ नाका मेट्रो १ ला जोडलेलं आहे. म्हणजे घाटकोपरपासून वर्सोव्यापर्यंत मेट्रो १ च्या कडेचं कोणतंही घर एका बदलीत ऑफिसला पोचतं. मेट्रो ७ नं दहिसर, बोरिवली किंवा गोरेगाव पूर्वेकडून गुंदवलीला यायचं, तिथून मेट्रो १ धरायची. दोन बदल्या होतात, पण भाडं बरंच खाली येतं.

भाग ठरला की त्याच भागातल्या वीस जाहिराती दोन पोर्टलांवरून वहीत उतरवा : भाडं, डिपॉझिट, कार्पेट एरिया, जाहिरातीची तारीख. एरिया लिहिताना एक सांभाळा. जाहिरातीत ‘६५० स्क्वेअर फूट’ असेल आणि तो सुपर बिल्टअप (भिंती, जिना, लिफ्ट यांचा वाटाही धरलेला) असेल, तर आत पाय ठेवायला ४३०-४५०च मिळतात. वीस भाडी चढत्या क्रमानं लिहून मधला आकडा धरा, तो त्या भागाचा बोलीचा दर. एखादं घर त्याहून पाव हिश्श्यानं स्वस्त आणि फोटो चकचकीत असतील, तर बहुतेक वेळा ते घर अस्तित्वातच नसतं. फोन यावेत म्हणून ती जाहिरात टाकलेली असते.

फोन सुरू करण्याआधी दुसरं सिम घ्या. पोर्टलवर ‘कॉन्टॅक्ट’ दाबलं की तुमचा नंबर जाहिरातदाराकडे जातो आणि पुढचे कित्येक आठवडे फोन थांबत नाहीत. पहिल्याच फोनवर एवढं विचारून घ्या : हाच फ्लॅट आज रिकामा आहे का, तुम्ही मालक की एजंट, ब्रोकरेज किती, मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा, सोसायटीत मुलींना देतात का. ‘तो कालच गेला, पण तसाच दुसरा दाखवतो’ असं उत्तर आलं, तर समोर एजंट आहे आणि ती जाहिरात म्हणजे गळ होता. तो एजंट वाईटच असेल असं नाही. मुंबईत एजंटाशिवाय पुष्कळ सोसायट्यांचं दार उघडतच नाही. ११ महिन्यांच्या करारामागे एक महिन्याचं भाडं हा तिथला रिवाज, पुण्यात पंधरा दिवस ते एक महिना. फक्त ब्रोकरेज घर बघण्याआधी ठरवा, करार नोंदल्यावर द्या, आणि नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा मागणार का, तेही तेव्हाच विचारा. हा मुद्दा पुढच्या वर्षी हमखास निघतो.

वेळेचंही बघा. भाडेकरू महिनाभर आधी नोटीस देतो, म्हणून एक तारखेचं घर आदल्या महिन्याच्या पाच-सहा तारखेपासून जाहिरातीत दिसू लागतं. लातुरातून बघून, न पाहताच डिपॉझिट पाठवू नका. मुलीला पहिला महिना ऑफिसजवळच्या पीजीत किंवा नोकरदार महिलांच्या वसतिगृहात ठेवा आणि तिथून शनिवार-रविवारी घरं बघू द्या. त्या एका महिन्याचे दोन पैसे जास्त गेले तरी जाऊ द्या.

प्रश्न : बाणेरला फर्निचरसकट २ बीएचके, भाडं फक्त १४,०००. मालक सैन्यात आहे, बदली झाली म्हणून घर देतोय. ओळखपत्राचा फोटोही पाठवला. घर दाखवायला सोसायटीचा गेट पास लागतो, त्याचे २,५०० रुपये आधी भरायचे, नंतर परत मिळणार. भरू का? (एक विद्यार्थी, सांगली)

भरू नका. ही फसवणूक आहे, आणि तिची पद्धत ठरलेली आहे. ‘सैन्यात आहे’ किंवा ‘सीआयएसएफमध्ये आहे’ हे सांगणं विश्वास बसावा म्हणून, ओळखपत्र दुसऱ्या कोणाचं तरी चोरलेलं, आणि बदलीचं निमित्त तो समोर का येऊ शकत नाही हे पटावं म्हणून. कोणतीही सोसायटी घर बघायला येणाऱ्याकडून गेट पासचे पैसे घेत नाही. वॉचमन वहीत नाव लिहून घेतो किंवा मोबाइल ॲपवरून मालकाला विचारतो, एवढंच.

२,५०० भरलेत की पुढची पायरी येईल : ‘परतावा पाठवतोय, हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका.’ यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. पिन टाकलात की तुमच्याच खात्यातून रक्कम जाते. जाहिरातीतले फोटो गुगल लेन्समध्ये टाकून बघा. तोच सोफा, तोच पडदा दुसऱ्या शहरातल्या जाहिरातीत दिसण्याची शक्यता मोठी आहे.

पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येते. दिवस उलटला की ती चार खात्यांत फिरून निघून गेलेली असते.

प्रश्न : जाहिरातीवर ‘व्हेरिफाइड’चा शिक्का असेल तर घर खात्रीचं मानायचं का? (एक वाचक, नाशिक)

नाही. तो शिक्का कशाचा आहे ते त्यावर बोट ठेवून वाचा. कधी फक्त मोबाइल नंबर ओटीपीनं तपासलेला असतो, कधी फोटो जागेवर जाऊन काढलेले असतात. घराची मालकी कोणाची आणि त्याला ते भाड्यानं द्यायचा हक्क आहे का, हे तुम्हालाच बघावं लागतं. चालू महिन्याचं लाईट बिल, सोसायटीचं मेंटेनन्स बिल आणि खरेदीखताचा इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा) मागा. तिन्हींवरचं नाव आणि मालकाच्या आधारवरचं नाव जुळलं पाहिजे. घर वडिलांच्या नावावर आणि करार मुलगा करणार असेल, तर नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) बघायला मागा. टोकन यूपीआयनं देताना स्क्रीनवर बँकेतलं नाव येतं. ते इंडेक्स टूवरचंच आहे ना, हे पाहूनच पुढे जा.

प्रश्न : मी आणि फेसबुकवर भेटलेली एक मुलगी मिळून कोथरूडला फ्लॅट घेतोय. तिथे आधीपासून तीच राहते. करार तिच्या एकटीच्या नावावर आहे. ती म्हणते, माझ्याकडे डिपॉझिटचा अर्धा वाटा दे, नाव घालायची गरज नाही. ठीक आहे का? शिवाय अनोळखी रूममेट निवडताना काय बघायचं? (एक वाचक, अहिल्यानगर)

आधी कागद. तुमचं नाव करारात नसेल तर त्या घरात तुम्ही तिच्या पाहुण्या. मालकाच्या दृष्टीनं तुम्ही कोणीच नाही. डिपॉझिट तिनं घेतलं, तर ते परत मागायचं तिच्याकडेच. ती सहा महिन्यांनी निघून गेली तर मालक तुमची रक्कम मानायला बांधील नाही. करारात तुमचं नाव नसेल तर एचआरएसाठी (घरभाडे भत्त्यावरच्या करसवलतीसाठी) तो पुरावा चालत नाही. (वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की कंपनी मालकाचा पॅनही मागते.) पोलिसांकडे दिलेल्या भाडेकरूंच्या माहितीत तुम्ही नसता. आणि पोटभाडेकरू ठेवायचा नाही, हे कलम जवळपास प्रत्येक करारात असतं, म्हणजे तुम्ही सापडलात तर तिचाही करार अडचणीत येतो.

यावर उपाय अवघड नाही. मालकाशी तुम्ही स्वतः बोला. त्याच्या संमतीनं दोघींच्या नावे नवा लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा) करा. तो ऑनलाइन होतो. एजंट किंवा अधिकृत सेवा देणारा माणूस घरी येऊन आधारला जोडलेला अंगठा आणि वेबकॅमवर फोटो घेतो. मुद्रांक शुल्क तुम्हाला वाटतं त्याहून कमी आहे : भाडं २५,०००, मुदत ११ महिने, डिपॉझिट एक लाख असं धरू. भाड्याचे २,७५,००० आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दरानं धरलेलं व्याज, म्हणजे ९,१६७. एकूण २,८४,१६७, त्याच्या पाव टक्का म्हणजे ७१० रुपये. शहरी भागात नोंदणी फी १,०००. वर सेवा देणाऱ्याचे पैसे. दोघींत वाटून घेतलं तर फार भार येत नाही. तुमचा डिपॉझिटचा वाटा तुमच्या खात्यातून थेट मालकाच्या खात्यात टाका, आणि करारात कोणाचे किती ते लिहून घ्या. कराराच्या मसुद्यात ‘संयुक्तपणे व स्वतंत्रपणे’ जबाबदार असे शब्द शोधा. ते असतील तर तिनं भाडं थकवलं तरी मालक तुमच्याकडून पूर्ण मागू शकतो.

‘अकरा महिन्यांचा करार नोटरी केला की पुरे’ असं पुष्कळ जण सांगतात. महाराष्ट्रात ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मुदत कितीही असो. नोंदवायची जबाबदारी मालकावर आहे. न नोंदवल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मालकाला हे कलम नम्रपणे सांगितलंत तरी बहुतेक वेळा काम होतं.

आता माणूस निवडण्याबद्दल. फ्लॅटमेटच्या ग्रुपवरची जाहिरात वाचताना ती किती नेमकी आहे ते बघा. चांगली जाहिरात साधारण अशी असते :

‘कोथरूड, वनाज मेट्रोपासून चालत ८ मिनिटं. २ बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही. एक खोली रिकामी, बाथरूम सामाईक. भाडं ११,०००, डिपॉझिट ३०,००० थेट मालकाला, ब्रोकरेज नाही. लाईट-वायफाय-बाईंचा पगार मिळून साधारण १,८००. पाणी सकाळी ६ ते ९. आम्ही दोघी नोकरी करतो, एकीची रात्रपाळी असते. एक तारखेपासून.’

पाण्याची वेळ, लिफ्ट नसणं, रात्रपाळी अशा अडचणी लिहिणारी माणसं पुढेही सरळ वागतात, हा अंदाज सहसा चुकत नाही. नुसतं ‘प्राइम लोकेशन, लक्झरी, कूल फ्लॅटमेट्स’ लिहिलं असेल तर आधी सगळं विचारून घ्या. स्वतः जाहिरात टाकताना मात्र फ्लॅट नंबर, मोबाइल नंबर आणि ‘मी एकटीच राहते’ हे तिन्ही उघड लिहू नका. संपर्क मेसेंजरवर ठेवा, पहिली भेट बाहेर चहाच्या ठिकाणी, आणि घर बघायला जाताना कोणाला तरी सोबत न्या.

भेटीत स्वभाव विचारण्यात वेळ घालवू नका, सगळेच ‘मी अ‍ॅडजस्टिंग आहे’ म्हणतात. भांडणं होतात ती ठरावीक गोष्टींवरून, त्याच विचारा. एसी कोणाच्या खोलीत आणि त्याचं बिल कसं वाटायचं? एकीच्या खोलीत एसी असेल आणि बिल निम्मं-निम्मं असेल, तर एप्रिल-मे मध्ये वाद ठरलेला. सगळ्यांत सोपा तोडगा म्हणजे फेब्रुवारीचं बिल दोघींत निम्मं, आणि उन्हाळ्यात त्याच्यावर जेवढं वाढेल ते एसीवालीचं. स्वयंपाकघरात मांस-मच्छी शिजवायची का, मित्र रात्री थांबतात का, सिलिंडर कोण आणतं, बाईंना सुट्टीचा पगार कोण देतं, हेही तेव्हाच. आणि सर्वांत महत्त्वाचं : मध्येच कोणी निघाली तर बदली माणूस शोधायची जबाबदारी कोणाची? निघणारीची, आणि नवीन येईपर्यंत भाडं तीच भरेल, किमान एक महिना. हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दोघींनी ‘ठीक’ म्हणावं, एवढ्यानं भागतं.

प्रश्न : ठाण्यात आठ लाख हेवी डिपॉझिट, भाडं शून्य, अशी जाहिरात आली आहे. फायद्याचं वाटतं. (एक वाचक, ठाणे)

आधी हिशेब. आठ लाख बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ५६,००० मिळतात, महिन्याला साधारण ४,७००. म्हणजे हे घर तुम्हाला एवढ्याला पडतं. त्या भागातलं भाडं १८,०००-२०,००० असेल तर मालक एवढा उदार का, हा प्रश्न पडायला हवा. कधी मालकाला खरंच एकरकमी पैसा हवा असतो. पण घात होतो तो असा : एजंट मूळ मालकाकडून घर महिन्याच्या भाड्यानं घेतो, स्वतःच मालक बनून तुमच्याकडून आठ लाख घेतो, मालकाला चार-सहा महिने भाडं भरतो आणि गायब होतो. मग मालक तुम्हाला बाहेर काढायला येतो. तुमचा करार ज्याच्याशी झाला, त्याचा घराशी संबंधच नसतो.

म्हणून इंडेक्स टू स्वतः काढा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर वर्ष, गाव आणि मिळकत क्रमांक टाकून दस्त शोधता येतो. त्यावरच्या मालकाला समोरासमोर भेटा, सोसायटीच्या सेक्रेटरीला नाव विचारा आणि घरावर कर्ज आहे का तेही विचारा. हप्ते थकून बँकेनं घर ताब्यात घेतलं तर तुमचे आठ लाख रांगेत सगळ्यांत शेवटी असतात. एवढं सगळं जुळलं तरी रक्कम फक्त त्याच मालकाच्या खात्यात, आणि नोंदणीकृत करारात पूर्ण आकडा. रोख अजिबात नको.

प्रश्न : कॉट बेसिस बरं की फ्लॅट शेअर? (एक विद्यार्थिनी, सोलापूर, पुण्यात येणार)

जून-जुलैत येत असाल तर पहिले तीन महिने कॉट बेसिस, म्हणजे सामाईक खोलीतली एक खाट भाड्यानं. त्या दिवसांत पुण्यात सगळीकडून विद्यार्थी येतात आणि फ्लॅटचे दर चढलेले असतात. कॉटचं डिपॉझिट थोडं आणि सामान न्यावं लागत नाही. बघताना एका बाथरूममागे किती मुली, दार रात्री किती वाजता बंद, जेवण रविवारी संध्याकाळी मिळतं का आणि सोडताना किती दिवसांची नोटीस, एवढं विचारा. पीजीच्या पोर्टलवरचे फोटो बहुधा नमुन्याच्या खोलीचे असतात. तुम्हाला मिळणारी खोली बघूनच पैसे द्या.

प्रश्न : आम्ही नागपुरात राहतो, वाकडला फ्लॅट आहे. भाड्यानं द्यायचाय. जाहिरात कुठे टाकू? बॅचलरना दिला तर सोसायटी अडवते. (एक घरमालक, नागपूर)

एका मालक-थेट पोर्टलवर आणि एका मोठ्या पोर्टलवर टाका. हिंजवडीच्या कंपन्यांतल्या कोणाच्या ओळखीनं त्यांच्या अंतर्गत ग्रुपवर गेली तर उत्तम, तिथून आलेला भाडेकरू कुठे काम करतो हे आधीच कळतं. दिवसाउजेडी, दिवे लावून दहा फोटो काढा. त्यात बाथरूम, सिंकखालची जागा आणि मीटरही घ्या. कार्पेट एरिया, मेंटेनन्स आणि बॅचलर चालतील की नाही हे स्पष्ट लिहिलंत तर निम्मे फोन वाचतील. चावी शेजाऱ्याकडे ठेवा, एजंटाकडे नको.

सोसायटीबाबत : आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) भाडेकरू ठेवायला तुम्हाला पूर्वपरवानगी लागत नाही. आठ दिवस आधी लेखी कळवायचं, कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसला की सोसायटी लावते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही आणि ते तुम्ही भरायचं, भाडेकरूनं नाही. भाडेकरूची माहिती महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवरून नागपुरातूनही भरता येते. फ्लॅटमध्ये तिघं राहणार असतील तर तिघांची भरा, आणि मध्येच एक बदलला तर नव्याचीही. करार संपल्यावर भाडेकरू हलला नाही तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट दरानं भरपाई मागता येते, म्हणून मुदतीची तारीख करारात आणि तुमच्या कॅलेंडरवर, दोन्हीकडे ठेवा. चावी देण्याच्या दिवशी भाडेकरूसोबत प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढून त्यालाच पाठवा. डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापायचे की नाही, हा वाद ११ महिन्यांनी त्याच व्हिडिओवर मिटतो.